तिसऱ्या मेणबत्तीचा दिवस

पप्पा गेले त्याला सव्वा वर्ष झालं. पहिल्या वर्षदिनाला त्यांच्या नावाचा कद्दिश झाला नाही. तो का झाला नाही हे मला नीट लिहून ठेवायचं आहे, कारण आमच्या लोकांत ती गोष्ट आता ‘तिकडे जरा गोंधळ झाला’ अशी सांगितली जाते. गोंधळ वगैरे काही नव्हता. वेळ ठाऊक होती, जागा ठरलेली होती, माणसं पुरेशी होती. तरीही झाला नाही.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे, मूळचे कोकणातले ज्यू. पप्पा नाशिक रोडला प्रेसमध्ये नोकरीला लागले आणि तिथलेच झाले. मी त्यांची एकुलती एक मुलगी. एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, लग्न केलं नाही. कद्दिश ही गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना. तिच्यात मरणाबद्दल एक शब्दही नाही, सगळी देवाची स्तुती आहे. पण ती एकट्याने म्हणता येत नाही. तेरा वर्षांवरचे दहा ज्यू पुरुष हजर लागतात. बायका त्यात धरत नाहीत. मुलगा नसेल तर जवळचा पुरुष म्हणतो. पप्पांसाठी त्यांच्या चुलतभावाने ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात, अकरा महिने दर शनिवारी म्हटला. मी त्यांना काका म्हणते. शहात्तर वर्षांचे आहेत, काठी घेऊन चालतात आणि एकही शनिवार चुकवला नाही.

वर्षदिनही ठाण्यालाच करायचा असं आईचं म्हणणं होतं. त्याच सुमाराला ठाण्यातल्या एका गृहस्थांनी सहल काढली. बँकेतून निवृत्त झालेले, हौशी, बोलके. त्यांना सगळे संयोजक म्हणत. मीही तेच म्हणते. हनुका सणाच्या दिवसांत युरोपातल्या एका जुन्या शहरात जायचं, तिथली ज्यू वस्ती, कबरस्तान, सिनेगॉग पाहायचं, तिकडचे लोक सण कसा करतात ते बघायचं. शहराचं नाव लिहीत नाही. त्या शहराचा यात दोष नाही. संयोजकांनी मला फोन केला आणि सांगितलं, ताई, पप्पांचा वर्षदिन बरोबर त्या दिवसांत येतो, काका येतायत, आपल्या ग्रुपमध्येच दहा पुरुष आहेत, चारशे वर्षं जुन्या सिनेगॉगमध्ये कद्दिश होईल, अजून काय पाहिजे.

मला ते शहर पाहायचं होतं. त्या वस्तीबद्दल मी तरुणपणापासून वाचत आले होते. तिच्या गल्ल्या मला नकाशावरून पाठ होत्या. हे मी आईला सांगितलं नाही. तिला मी चारशे वर्षांचं सांगितलं. आईचे गुडघे गेलेले, तिला येणं शक्य नव्हतं. ती म्हणाली, मला ठाण्याचं माहीत आहे, तिकडचं नाही. तरी मी तिचं मन वळवलं. तेव्हा पहिली चूक माझी आहे, ती आधीच लिहून टाकते.

हनुका आठ दिवसांचा. पहिल्या संध्याकाळी एक मेणबत्ती, दुसऱ्या संध्याकाळी दोन, असं आठपर्यंत. आमचा दिवस संध्याकाळी सुरू होतो आणि दुसऱ्या संध्याकाळी संपतो. पप्पा हनुकाच्या तिसऱ्या दिवशी गेले. म्हणजे तिसरी मेणबत्ती लागली की त्यांचा दिवस सुरू, चौथी लागली की संपला. इतकं ते सरळ आहे. आमच्या घरातलं शेंबडं पोरही चुकणार नाही.

आम्ही पोचलो ती संध्याकाळच तिसऱ्या मेणबत्तीची होती. हॉटेलच्या लॉबीत संयोजकांनी ती लावली, फोटो काढले. मी काकांकडे पाहिलं, काकांनी इकडे तिकडे पाहिलं. तीन पुरुष प्रवासाने दमून खोलीत जाऊन झोपले होते. संयोजक म्हणाले, उद्या खऱ्या सिनेगॉगमध्ये थाटात करू, इथे लॉबीत कशाला. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी नाश्त्याची घाई, बस साडेआठला. काकांना जिना उतरायला चार मिनिटं उशीर झाला तर संयोजक सगळ्यांसमोर त्यांना म्हणाले, काका, बस तुमच्यासाठी थांबणार नाही हं. सगळे हसले, काकाही हसले. मी हसले नाही, पण बोललेही नाही.

राहिली दुपारनंतरची प्रार्थना, मिन्हा. ती सूर्यास्ताआधी म्हणायची असते. आमच्याकडे नाशिकला, ठाण्याला, लोक कामावरून येऊन साडेपाच वाजता मिन्हा म्हणतात आणि थांबून लगेच रात्रीचीही म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या साडेपाच. त्यामुळे आमच्या डोक्यात मिन्हा म्हणजे साडेपाच असंच बसलंय. मुद्दा सूर्याचा आहे, घड्याळाचा नाही, हे कोणाला आठवायची गरजच कधी पडली नाही.

सिनेगॉगच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या बाईंनी संयोजकांना इंग्रजीत पत्र पाठवलं होतं. माझं इंग्रजी बरं म्हणून ते त्यांनी मला बसमध्ये वाचायला दिलं. मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून त्यांना मराठीत सांगितलं. बाईंनी लिहिलं होतं, सूर्यास्त चारला दोन मिनिटं कमी असताना होतो, तुमचे दहाजण तीनपर्यंत आले तर बरं. मी ‘तीन’ हा शब्द दोनदा सांगितला. ते म्हणाले, हो हो, बघू. आणि खिडकीतून पुलाचा व्हिडिओ काढू लागले.

सकाळ कबरस्तानात गेली. एकावर एक थर देऊन पुरलेली माणसं, वाकडे झालेले दगड. आमच्यातल्या काही जणी तिथे गॉगल लावून फोटो काढत होत्या. तिथली वाटाड्या मुलगी चुणचुणीत होती. तिने संयोजकांना विचारलं, भारतात तुमच्या घराण्यांनी धर्म कधी बदलला? दोन हजार वर्षं तेलाचे घाणे चालवून धर्म पाळायला दर शनिवारी ते बंद ठेवणाऱ्या लोकांच्या वंशजाने तिला हसत उत्तर दिलं, फार पूर्वी. आम्ही तो कधी बदललाच नव्हता; भांडण नको म्हणून असेल. पप्पा असते तर तिला तिथेच एका दगडावर बसवून पाऊण तास समजावलं असतं. मी तेही केलं नाही. मी एका कबरीवर, तिथल्या रीतीप्रमाणे, छोटा खडा ठेवला आणि पुढे गेले.

जेवण सिनेगॉगपासून जवळच होतं. अडीचच्या सुमारास संयोजक उभे राहिले आणि त्यांनी पुढचा कार्यक्रम सांगितला. पाच वाजता मोठ्या चौकात नगरपालिकेतर्फे हनुकाची चौथी मेणबत्ती लागणार, दोन मजली उंच दीपस्तंभ आहे, गर्दी फार असते. तेव्हा ते स्वतः आत्ताच पुढे जाऊन कठड्यापाशी जागा धरतील. बाकीच्यांनी बाजारात फिरावं, पाचला चौकात यावं. मग साडेपाचला सिनेगॉगमध्ये मिन्हा आणि कद्दिश.

मी मागच्या टेबलावर होते. अर्धी उठले. हात वर केला की नाही ते आता आठवत नाही. बहुतेक नाही. तोवर लोक खुर्च्या सरकवायला लागले होते आणि ते दाराबाहेर गेलेही होते. मी पुन्हा बसले. आयुष्यभर ग्रंथालयात आवाज खाली ठेवून बोलण्याची सवय, असं मी स्वतःला नंतर सांगितलं. ती सवय नव्हती. तो भित्रेपणा होता.

काकांना मी हळूच सांगितलं की दिवस चारला संपतो. काकांनी घास तसाच ठेवला. मग काठी घेऊन ते खानावळीच्या दारात आडवे उभे राहिले आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पुरुषाला अडवायला लागले.

“कुठे? बाजारात नंतर. इकडे चल.”

“काका, साडेपाचला ना?”

“साडेपाचला तू चॉकलेटं घे. आत्ता चल.”

कुरकुरत का होईना, आठजण आले. काका नववे. दहावे संयोजक, चौकात जागा धरून बसलेले. त्यांचा फोन लागेना, त्यांचं इंटरनेट फक्त हॉटेलच्या वायफायवर चालायचं. पुरुषांपैकी कोणाला पाठवलं तर आठच उरणार, म्हणून दोन बायका त्यांना शोधायला गेल्या.

सिनेगॉग एका अरुंद गल्लीत होतं. किल्ल्यावाल्या बाई ऐंशीच्या घरातल्या, लोकरीची टोपी घातलेल्या. तीनपासून आमची वाट पाहत थंडीत दारात उभ्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा सव्वातीन झाले होते. त्यांनी आत नेलं, दिवे लावले आणि माणसं मोजली. आमच्यात माणसं एक, दोन, तीन अशी मोजत नाहीत. दहा शब्दांचं एक वचन आहे, एकेका माणसाकडे पाहून त्याचा एकेक शब्द म्हणायचा. पप्पाही तसंच मोजत. त्या बाईंचा उच्चार निराळा होता, पण शब्द तेच. मी ओठांतल्या ओठांत बरोबर म्हणत गेले. त्या नवव्या शब्दावर थांबल्या. मग माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. खोलीत आम्ही दोघी बायका होतो. त्यांनी खांदे उडवले. त्या हालचालीत ऐंशी वर्षांचा कंटाळा होता.

मी त्यांना विचारलं, जवळपास कोणी आहे का? म्हणाल्या, सकाळी येणारे आहेत काही, पण ते लांब राहतात, फोन करते. त्यांनी दोन फोन केले. एकजण आजारी होता, दुसऱ्याने उचलला नाही. साडेतीन झाले.

मग मी ते केलं, ज्याची मला आजही सगळ्यांत जास्त लाज वाटते. मी बाहेर गल्लीत गेले. नाशिकमध्ये कोणी कोणालाही विचारतं, तुम्ही कुठले, तुमच्यात काय करतात, कोणत्या समाजाचे. मला लहानपणापासून शेकडो वेळा विचारलंय आणि मी शेकडो वेळा सांगितलंय. ज्यू म्हणजे काय हेच समोरच्याला माहीत नसतं, आपण समजावून सांगतो आणि चहा पितो. आपल्या देशात कोणी आम्हाला त्यासाठी कधी हात लावला नाही. गल्लीतून एक म्हातारे गृहस्थ येत होते. उंच, गळ्यात तपकिरी मफलर, हातात पावाची पिशवी. का कोण जाणे, मला ते आमच्यातले वाटले. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि इंग्रजीत मोठ्याने विचारलं, “तुम्ही ज्यू आहात का?”

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. घाबरला असं म्हणता येणार नाही. बंद झाला. एका क्षणात त्यावर काहीच उरलं नाही. ते ‘नाही’ म्हणाले, अगदी सभ्यपणे, आणि वळून ज्या दिशेने आले होते त्याच दिशेने परत गेले. म्हणजे जिथे निघाले होते तिथे गेलेच नाहीत. तेव्हा मला कळलं की या शहरात, या गल्लीत, अनोळखी माणसाला हा प्रश्न पूर्वी कोणी आणि कशासाठी विचारला होता. मी त्यावरची इतकी पुस्तकं वाचली होती. एकही त्या वेळी माझ्या तोंडावर हात ठेवायला आलं नाही.

मी आत आले आणि बाकावर बसले. काका पुस्तक उघडून बोटाने पान धरून उभे होते. बाकीचे हातावर हात चोळत होते. एकजण म्हणाला, नऊजणांत म्हणून टाका ना, कोण बघतंय. काकांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. सूर्य मावळला तो आम्हाला दिसला नाही, गल्लीत ऊन आलंच नव्हतं. खिडकी राखाडी झाली, मग निळी. किल्ल्यावाल्या बाई म्हणाल्या, तारे दिसेपर्यंत थोडा अवधी धरतात काहीजण. म्हणून थांबलो. पावणेपाचला त्या बाहेर जाऊन वर पाहून आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या.

संयोजकांना शोधायला गेलेल्या दोघी पाच वाजून गेल्यावर परतल्या. गर्दीत ते दिसले होते, पण कठड्याच्या पलीकडे, आवाज पोचला नाही. साडेपाचला ते स्वतः आले, ग्रुपमधल्या उरलेल्या बायकांसह. गाल थंडीने लाल, गळ्यात कार्ड, फार खुशीत.

“चला, सगळे आहात ना? ताई, आता पप्पांचं करून टाकू.”

मी म्हणाले, “आता नाही करायचं.”

त्यांना वाटलं मी दमलेय. म्हणाले, दहा मिनिटांचं काम आहे.

“दिवस संपला.”

“अहो, साडेपाच तर झालेत. आपल्याकडे अजून ऊन असतं.”

“तुम्ही आत्ता चौकात व्हिडिओ काढलात ना? कितवी मेणबत्ती लावली?”

“चौथी.”

“पप्पांचा दिवस तिसरीचा होता.”

त्यांच्या चेहऱ्यावर ते हळूहळू पोचलं. पोचलं हे मी स्वतः पाहिलं, म्हणून मला त्यांना अजाण म्हणता येत नाही. मग ते हसले. देव काय घड्याळ लावून बसलाय का ताई, म्हणाले, मनात भाव पाहिजे. पिशवीतून केक काढून खाणारी एक बाई मागून म्हणाली, आपण ट्रिपला आलोय बाई, मयताला नाही.

आवाज माझाच होता, पण मी तो पूर्वी ऐकला नव्हता. मी म्हणाले, “सकाळी चार मिनिटांसाठी तुम्ही या म्हाताऱ्या माणसाला सगळ्यांसमोर बोललात. बसला घड्याळ आहे. चौकातल्या जागेला घड्याळ आहे. फक्त माझ्या बापाला भाव.”

त्यांनी पुस्तकाचा आधार काढला. चुकला तर नंतरही म्हणता येतो, लिहिलंय तसं. मी म्हणाले, तसं लिहिलंय, ते मीच तुम्हाला वाचून दाखवू शकते, जसं पत्र वाचून दाखवलं होतं. मग ते काकांकडे वळले. काका, तुम्ही सुरू करा. काकांनी पुस्तक मिटलं.

“बाप तिचा आहे. ती नाही म्हणते. मी म्हणणार नाही.”

उरलेल्या दिवसांत मी त्या लोकांशी बोलले नाही. तळलेले बटाट्याचे घारगे खाल्ले, लाकडी भोवरे पाहिले, गाणी ऐकली. आमच्या पूर्वजांना हनुका ठाऊकच नव्हता, तो आम्ही फार उशिरा शिकलो असं सांगतात. उशिरा शिकलेला सण माणूस जास्त नटवतो. दोन मजली दीपस्तंभ पाहायला सगळ्यांना वेळ होता.

आईला मी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. तिकडे दुपार होती. तिने आधी विचारलं, झालं ना गं? खोटं बोलणं सोपं होतं, काका माझ्यासाठी खोटं बोलले असते. मी सगळं सांगितलं, त्या गल्लीतल्या माणसासकट.

“तुला वेळ माहीत होती?”

“हो.”

“त्याला किती वेळा सांगितलंस?”

“एकदा.”

“मग जेवताना ओरडली का नाहीस?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. आई म्हणाली, “दुसऱ्या कोणाचा बाप असता तरी ओरडायला हवं होतं तू.” आणि तिने फोन ठेवला.

संयोजकांवरचा माझा राग लोकांना समजतो. हा दुसरा राग, आईचा माझ्यावरचा आणि माझा माझ्यावरचा, मी कोणाला सांगत बसत नाही.

जानेवारीत आईने ठरवलं की राहिलेला कद्दिश घरीच होईल, तिच्यासमोर. नाशिक रोडला आमचे पुरुष आता चारच उरलेत. बाकीची घरं ठाण्याला, इस्राएलला गेली. काका ठाण्याहून माणसं घेऊन येणार होते. दोन दिवस आधी त्यांचा फोन आला. स्वतः धरून पाचच जमतायत. एकजण कमी पडतोय आणि संयोजक स्वतःहून विचारतायत, येऊ का म्हणून. मी म्हणाले, त्यांना नको, दुसरं कोणी बघा. आईने माझ्या हातातून फोन घेतला.

“येऊ दे त्याला,” ती म्हणाली. “दहावा तो आहे.”

ते सकाळच्याच गाडीने आले. साडेअकरालाच दारात उभे. मिन्हा साडेपाचला होती. मी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं, पुस्तक दिलं, एक शब्दही बोलले नाही. सहा तास ते पप्पांच्या खुर्चीसमोरच्या कोचावर बसून होते. बाकीचे गप्पा मारत होते, ते नाहीत. एकदा संडासला जाऊन आले तेवढंच. बाकी कुठे हलले नाहीत.

साडेपाचला ऊन अजून गॅलरीत होतं. काकांनी मिन्हा सुरू केली. कद्दिशला आई काठी धरून उभी राहिली. तिला उभं राहायची गरज नव्हती. दहाजण आमेन म्हणाले तेव्हा त्या आवाजात मला संयोजकांचा आवाज वेगळा ओळखू आला, आणि तो चांगला, भरीव आवाज होता याचाही मला राग आला.

मग मलिदा वाढला. भिजवलेल्या पोह्यांत गूळ, ओलं खोबरं, वेलची घालून आम्ही करतो तो. मी ताटल्या फिरवत त्यांच्यापर्यंत आले. ते उठून उभे राहिले.

“ताई,” ते हळू म्हणाले, “आता तरी राग गेला ना?”

“नाही,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि माझ्या हातातली ताटली घेतली. आतून आईचा आवाज आला, त्याला अजून वाढ, सकाळपासून उपाशी बसलाय. मी पातेलं घेऊन आले आणि वाढलं.